मुद्देमाल : तीन गोटे

मार्तंडरावांनी आपल्या बायकोला भर ग्रामसभेत चोर ठरवलं, तेव्हा स्नेहलताबाई मागच्या सतरंजीवर शेजारीण भिमाबाईंच्या खांद्याला टेकून डुलक्या काढत होत्या.

सभा पंधरा ऑगस्टची, झेंडावंदनानंतरची. चिखलीहून साखरखेर्ड्याच्या रस्त्याला लागलं की फाट्यावरून आत जे पळसटाकळी लागतं, त्या गावातली. गेल्या वर्षभरात गावात किरकोळ चोऱ्या फार झाल्या होत्या. सार्वजनिक नळाच्या तोट्या जात, विहिरीवरच्या मोटारीची वायर जाई, एकदा तर वाळत घातलेली तूर ताडपत्रीसकट गेली. दरवेळी ठाण्यात कोण जाणार? सरपंच मंजुश्री तरुण आणि खटपटी बाई. त्या मार्तंडरावांकडे आल्या आणि म्हणाल्या, "काका, तुमी कोर्टात होते. आपल्या गावापुरते चार नियम लिहून द्या ना. साधेच."

मार्तंडराव कोर्टातून कारकून म्हणून निवृत्त झाले होते आणि निवृत्तीनंतर घरात त्यांना कोणी काही लिहायला सांगत नव्हतं. किराणासुद्धा स्नेहलताबाई तोंडी आणत. त्यामुळे 'साधेच' हा शब्द त्यांनी मनावर घेतला नाही. ते महिनाभर पंख्याखाली बसले आणि त्यांनी 'कलम दोन : व्याख्या' सिद्ध केलं. कलम एक नंतर लिहू म्हणाले.

सभेत त्यांनी उभं राहून वाचलं. "मालमत्ता म्हणजे जिला कोणीतरी 'माझी' म्हणतो अशी कोणतीही वस्तू. चोरी म्हणजे दुसऱ्याची वस्तू त्याच्या परवानगीवाचून घेणे अथवा ठेवून घेणे, मग ती परत देण्याचा विचार असो वा नसो. घुसखोरी म्हणजे दुसऱ्याच्या हद्दीत स्वतः जाणे, अथवा आपले जनावर, सांडपाणी, धूर किंवा वस्तू पाठवणे. झाडाचे फळ ज्याच्या जमिनीत मूळ त्याचे, फांदी कोठेही जावो."

"काही समजून नाही राह्यलं," मागून गोजरबाई ओरडल्या. त्यांच्या बकऱ्या गावभर चरत असल्यामुळे घुसखोरीच्या व्याख्येपासून त्या अस्वस्थ होत्या. "उदाहरण द्या ना काही!"

मार्तंडराव प्रामाणिक माणूस. दुसऱ्याचं उदाहरण देणं त्यांच्या तत्त्वात बसेना. ते म्हणाले, "उदाहरणार्थ, आमचे शेजारी शंकरराव यांचा शेवगा. मूळ त्यांच्या अंगणात, फांदी आमच्या गच्चीवर. आमची सौभाग्यवती गेली कित्येक वर्षं त्या फांदीच्या शेंगा न विचारता तोडते. सबब, व्याख्येप्रमाणे ती चोरी होय. कायद्याला घरचं-दारचं नसतं."

टाळ्या पडतील असं त्यांना वाटलं होतं. हशा पडला. स्नेहलताबाई दचकून जाग्या झाल्या. "काय झालं?" त्यांनी विचारलं.

"तुमाले चोर म्हणून राह्यले," भिमाबाई म्हणाल्या. त्यांचा खांदा ताठ झाला होता.

तोवर शंकरराव उभे राहिले होते. शंकरराव एसटीतले ड्रायव्हर. साऱ्या नोकरीत त्यांनी हॉर्नशिवाय कोणाला उत्तर दिलं नाही, असा त्यांचा लौकिक. ते हळूच म्हणाले, "मार्तंडराव, ती फांदी लहान होती ना, तवा म्या सुतळीनं बांधून तुमच्याकडं वळवली. ताईच्या हाताले शेंगा लागाव्या म्हणून. त्याले तुमी चोरी म्हणता?"

"व्याख्येप्रमाणे, शंकरराव. परवानगी एकतर लेखी हवी किंवा तोंडी—"

"घरच्या माणसाले कोनी परवानगी देते काय?"

मार्तंडरावांनी कागदात पाहिलं. घरच्या माणसाची व्याख्या केलेली नव्हती. "तसं कलम नाही," ते म्हणाले.

शंकरराव खाली बसले नाहीत. टोपी घातली आणि निघून गेले. मागोमाग भिमाबाई उठल्या. ठराव मात्र हात वर करून मंजूर झाला, कारण त्यानंतर चहा आणि बुंदी होती. शिक्षाही ठरली. गुन्हा शाबीत झाला की ग्रामपंचायतीच्या भोंग्यावरून नाव वाचायचं, आणि देवळापासून विहारापर्यंतचा रस्ता गुन्हेगारानं झाडायचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्नेहलताबाई गच्चीवर गेल्या तर फांदी नव्हती. बुंध्याजवळ पांढरा, ओला घाव तेवढा दिसत होता.

दोन घरांमधली ती भिंत कमरेएवढी. तिच्यावरून काय काय गेलं होतं! विरजण गेलं, कढीपत्ता गेला, भिमाबाईंची नात ओवी जन्मली तेव्हा डिंकाचे लाडू गेले, त्यांच्या मुलाला, प्रेमानंदला पुण्यात नोकरी लागली तेव्हा पेढे आले. वाटी कोणाचीही असो, रिकामी परत जायची नाही. आणि त्या भिंतीवरून भिमाबाईंचा आवाज यायचा. गावात भिमाबाईंच्या तोंडाची ख्याती होती. त्यांनी शिवी दिली की शिव्या खाणारासुद्धा क्षणभर थांबून ऐके, इतकी ती घडवलेली असायची. स्नेहलताबाई माहेरच्या नांदुऱ्याच्या. नवऱ्याबरोबर तालुक्या-तालुक्याच्या गावी बिऱ्हाडं केली, पण असा शेजार कुठे मिळाला नव्हता. मुलगी लग्न होऊन गेल्यावर तर दिवसाचं सगळं बोलणं भिंतीवरच होई. घरात नवरा होता, पण तो 'उपरोक्त' म्हणून बोलायचा.

आता भिंत गप्प होती. स्नेहलताबाईंनी एकदा वाटीत साखरआंबा घालून ठेवला. तो संध्याकाळपर्यंत मुंग्यांनी खाल्ला.

"तुम्ही जाऊन सांगा ना त्यांना," त्या नवऱ्याला म्हणाल्या.

"काय सांगू? व्याख्या चुकीची आहे?"

"तुमचं डोकं चुकीचं आहे म्हणून सांगा."

"ते शाबीत व्हावं लागेल," मार्तंडराव म्हणाले आणि कलम तीन लिहायला बसले.

मग गणपती आले. चतुर्थीच्या दिवशी मोदक झाले, आरती झाली, आणि दिवस मावळता मावळता ढग दाटून आले म्हणून स्नेहलताबाई दोरीवरचं धुणं काढायला गच्चीवर धावल्या. चौथीला चंद्र पाहू नये हे त्यांना ठाऊक होतं. पण पश्चिमेला पाहायची भीती त्यांना कधी वाटलीच नव्हती, कारण पश्चिमेला शेवगा होता. एवढी वर्षं चौथीचा चंद्र त्या फांदीमागून निमूट मावळायचा. या वर्षी त्यांनी टॉवेलाचा चिमटा काढला, टॉवेल बाजूला झाला, ढगात फट पडली आणि फांदीच्या जागी चंद्र. कोरीव, नखाएवढा, थेट डोळ्यांत.

"अगं बाई!" म्हणून त्यांनी टॉवेल तोंडावर ओढला. पण पाहून झालं होतं.

चौथीचा चंद्र दिसला की चोरीचा आळ येतो. स्नेहलताबाई असलं फार मानत नसत, पण न मानायला जेवढं धाडस लागतं तेवढंही त्यांच्याजवळ नव्हतं. शिवाय इतर गावांत आळ आला तर चार बाया कुजबुजतात. इथे आळाला व्याख्या होती, शिक्षा होती आणि भोंगा होता. आणि ते सगळं त्यांच्याच पंख्याखाली तयार झालं होतं.

उतारा त्यांना माहीत होता, आईनं सांगितलेला. शेजाऱ्याच्या घरावर गोटे मारायचे. शेजारी शिव्या देतो. शिव्या खाल्ल्या की आळ टळतो. मागे एकदा चिखलीहून येताना जीपमधून चंद्र दिसला होता, तेव्हा त्यांनी भिमाबाईंच्या टिनाच्या छपरावर दोन खडे टाकले होते. भिमाबाईंच्या घरी असलं काही मानत नाहीत. तरी त्यांनी भिंतीशी येऊन विचारलं होतं, "चंद्र दिसला काय ताई? थांबा. कशा पाह्यजे, साध्या का ठसकेबाज?" आणि मग कमरेवर हात देऊन अशा काही दिल्या होत्या की रस्त्यावरचा दूधवाला सायकल लावून उभा राहिला होता. शेवटी दम लागल्यावर, "पुरे का अजून देऊ?" म्हणून वाटीभर भरीत दिलं होतं.

स्नेहलताबाई खाली आल्या. अंगणातल्या कुंडीजवळून त्यांनी तीन गोटे वेचले आणि पदर खोचला.

पहिला गोटा टिनावर टण्णकन पडला, घरंगळत गेला. त्या कान देऊन उभ्या राहिल्या. घरात कुकरची शिट्टी झाली, बाकी काही नाही.

दुसरा त्यांनी जरा जोरानं मारला. तो टिनावरून उडून अंगणात पडला. कोणी खाकरलं. पण खाकरणं म्हणजे शिवी नव्हे.

तिसरा गोटा हातात घेतला तेव्हा मात्र स्नेहलताबाईंना चंद्राचं काही वाटत नव्हतं. आळ येवो, रस्ता झाडायला लागो. भिमाबाईंनी एकदा ओरडावं. एक साधी 'बयताड' म्हटली तरी चालेल. त्यांचे डोळे भरून आले आणि भरल्या डोळ्यांनी नेम कसा लागणार? गोटा टिनाऐवजी शंकररावांच्या दारावरच्या दिव्यावर बसला. फट्ट! अंगणात अंधार झाला आणि काचा खाली सांडल्या.

आता मात्र दार उघडलं. मोबाइलची बत्ती घेऊन भिमाबाई बाहेर आल्या, भिंतीशी येऊन उभ्या राहिल्या. स्नेहलताबाईंनी पदर डोक्यावर घेतला आणि मान खाली घालून वाट पाहू लागल्या.

भिमाबाईंनी तोंड उघडलं. मिटलं. पुन्हा उघडलं. त्यांच्या गळ्याची शीर फुगलेली त्या उजेडात दिसली. मग त्यांनी हात जोडले. "भवतु सब्ब मंगलं," त्या म्हणाल्या. "तुमचं कल्याण हो, ताई."

"काय?"

"कल्याण हो म्हटलं."

"अहो, मला कल्याण नको! चंद्र दिसला मला! शिव्या द्या!"

"देता येत नाही," भिमाबाई रडकुंडीला येऊन म्हणाल्या. "पंधरा ऑगस्टले घरी येऊन म्या तुमच्या मालकाले जे बोलली ना ताई, ते माह्याच कानाले सोसवलं नाही. वर्षावास चालू, विहारात रोज वाचन ऐकतो आपण, अन् तोंड असं! दुसऱ्या दिवशी सगळ्यायसमोर नेम घेतला. अश्विन पौर्णिमेपर्यंत वाईट शब्द काढायचा नाही. विहारातली महामायाबाई रोज इचारते, सुटला का एखांदा शब्द म्हणून."

"पौर्णिमेपर्यंत आळ माझ्या डोक्यावर ठेवू?"

"मी काय करू बाप्पा!"

हे दोघींचं इतक्या दिवसांनंतरचं पहिलं बोलणं. आणखी थोडं चाललं असतं; पण तेवढ्यात शंकरराव अंधारात गोटे शोधत आले. तिन्ही सापडले. ते रुमालात बांधून शंकरराव गेटबाहेर पडले आणि रस्त्यावरून वळसा घालून मार्तंडरावांच्या दारापुढे उभे राहिले. आत आले नाहीत.

"या ना," मार्तंडराव दारात येऊन म्हणाले. त्यांना खरोखर आनंद झाला होता.

"नाही. हद्दीत पाय ठेवला तं घुसखोरी होईन." शंकररावांनी रुमाल उचलून दाखवला. "तक्रार द्यायची हाय. कलम दोनखाली."

मार्तंडरावांच्या चेहऱ्यावर जे तेज आलं, ते लग्नातसुद्धा आलं नव्हतं. ठराव होऊन इतके दिवस झाले, एकही प्रकरण आलं नव्हतं. ते कागद घेऊन उंबऱ्यात बसले. "बोला. काय घडलं?"

"गोटे पडले. बल्ब फुटला."

"गोटे पाठवणे, घुसखोरी. बल्ब फुटणे, नुकसान. एका प्रकरणात दोन! दिशा?"

"तुमच्या घराची."

"म्हणजे आरोपीनं आमच्या घराचा आडोसा घेतला. हुशार दिसतो. कोणावर संशय?"

शंकररावांनी मार्तंडरावांच्या खांद्यावरून पलीकडे पाहिलं. तिथे स्नेहलताबाई उभ्या होत्या. "लिहा," त्या म्हणाल्या. "सौभाग्यवती."

मार्तंडरावांचा पेन थांबला. त्यांनी बायकोकडे पाहिलं, शेजाऱ्याकडे पाहिलं. कोणीतरी हसेल म्हणून वाट पाहिली. मग घाम पुसून त्यांनी कागदावर नाव लिहिलं. नावाखाली रेघ मारायची त्यांची सवय होती, ती मात्र त्यांनी मारली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ग्रामपंचायतीत गर्दी झाली. पहिलंच प्रकरण, त्यात आरोपी नियम लिहिणाऱ्याची बायको. गणपतीच्या मांडवातली पोरं आरती आटोपून तशीच टाळ घेऊन आली. सरपंच मंजुश्रींना चिखलीला मीटिंगला जायचं होतं. त्या पर्स खांद्याला लावूनच खुर्चीत बसल्या. मार्तंडरावांनी 'आरोपीचा नवरा असल्यामुळे' कामकाजात भाग न घेण्याचं जाहीर केलं आणि खुर्ची भिंतीकडे तोंड करून ठेवली. त्यांच्या पाठीवरून मात्र त्यांचा सगळा भाग दिसत होता.

"काकू, गोटे तुमीच मारले?" मंजुश्रींनी विचारलं.

"हो."

"काऊन?"

"शिव्या खायला."

गर्दीत खसखस पिकली. स्नेहलताबाईंनी चंद्र सांगितला, फांदी सांगितली, उतारा सांगितला. शेवटी म्हणाल्या, "बल्ब फोडायचा नव्हता. डोळ्यांत पाणी आलं म्हणून नेम चुकला."

"मुद्देमाल?"

शंकररावांनी रुमाल सोडला आणि तीन गोटे टेबलावर मांडले. बाजूला फुटका बल्ब ठेवला.

"हे गोटे कोणाचे?" मंजुश्रींनी सहज विचारलं.

"आमच्या अंगणातले आहेत," भिंतीकडून आवाज आला. मार्तंडरावांना राहवेना. "कुंडीजवळ ठेवलेले. सबब, आमची मालमत्ता."

"मंग शंकररावानं रातभर घरात ठेवले, ते इचारून ठेवले काय?" गोजरबाई म्हणाल्या. बकऱ्यांमुळे त्यांचं कलम दोन आता तोंडपाठ होतं. "'घेणे अथवा ठेवून घेणे.' चोरी झाली ना ते!"

मंजुश्रींनी कागद काढून व्याख्या पुन्हा वाचली, मग डोक्याला हात लावला. "काका, तुमच्या कलमानं आरोपीबी गुन्हेगार अन् फिर्यादीबी चोर. आता भोंग्यावर कोनाकोनाचं नाव वाचू? माहं राह्यलं का एखांदं?"

पोरांनी टाळ वाजवले. सगळे हसले. शंकरराव मात्र हसले नाहीत.

"हे बरं हाय," ते म्हणाले. आवाज हळूच होता, पण टाळ थांबले. "आमच्या झाडाच्या शेंगा तुमच्या घरात गेल्या, ते चोरी. तुमच्या घरचे गोटे आमच्यावर पडले, अन् ते बी आमीच चोरले. मले बल्बचं काही नाही, सरपंचबाई. मले एकदा गावासमोर कोनी सांगाव, आमच्या इथून ताईच्या घरी जे गेलं, ते काय गेलं."

भिंतीकडे तोंड केलेली खुर्ची जरा करकरली.

मंजुश्रींनी घड्याळ पाहिलं. "माहा निकाल असा. ज्याची वस्तू त्याची त्याले परत करायची, आज दिवस मावळायच्या आत. गोटे तिकडं, बल्ब इकडं. नाही केलं तं दोघायची नावं भोंग्यावर. झालं. चला, माही गाडी जाईन."

स्नेहलताबाई दिवसभर घरात नवऱ्याशी बोलल्या नाहीत. मार्तंडरावांनी फाट्यावर जाऊन बल्ब आणला, आणि मग तो पुढ्यात ठेवून पंख्याखाली बसले. काहीतरी लिहीत, खोडत होते. दिवस कलला तसे उठले आणि अंगणात भिंतीशी गेले. स्नेहलताबाई खिडकीतून पाहत राहिल्या.

पलीकडून शंकरराव आले. हातात रुमाल. दोघे भिंतीच्या दोन बाजूंना उभे राहिले. एकजणही हद्द ओलांडेना.

"हा बल्ब."

"हे गोटे. मोजून घ्या."

"बरोबर आहेत." मार्तंडरावांनी गोटे भिंतीवर एका ओळीत ठेवले. मग चष्मा काढून पुसला. "शंकरराव, फांदी तुम्ही वळवली हे मला माहीत नव्हतं."

"खाणाऱ्यानं कधी इचारलंच नाही, कुठून आली."

"ते खरंच. उदाहरण चुकलं माझं. मी ते मागे घेतो."

"अन् व्याख्या?"

मार्तंडरावांनी चष्मा पुन्हा घातला. खोटं बोलणं त्यांना जमत नसे. "व्याख्या बरोबर आहे," ते म्हणाले.

खिडकीत स्नेहलताबाईंनी कपाळावर हात मारून घेतला.

"बरोबर आहे, पण अपुरी आहे," मार्तंडराव घाईनं पुढे म्हणाले आणि खिशातून कागद काढला. "दुरुस्ती लिहिली आहे. पुढच्या ग्रामसभेत ठेवतो. तुमची हरकत असेल तर आत्ताच सांगा." त्यांनी खाकरून वाचलं, "'परवानगी म्हणजे मालकाने तोंडी, लेखी, अथवा सुतळीने बांधून दिलेली संमती. सुतळीने बांधून दिलेली संमती कायम समजावी व ती पुन्हा पुन्हा विचारू नये.'"

शंकररावांनी कागद मागून घेतला. लांब धरून पुन्हा स्वतः वाचला. 'सुतळीने' या शब्दावर त्यांचं बोट जरा वेळ थांबलं. "दोनदा लिहिलं तुमी," ते म्हणाले.

"एकदा संदिग्ध राहतं."

शंकररावांच्या मिशा हलल्या. आधी वाटलं रडतात की काय, मग दिसलं की हसतायत. हसता हसता त्यांनी भिंतीवरून हात पुढे केला आणि मार्तंडरावांच्या पाठीत असा काही धपका दिला की चष्मा पडता पडता राहिला. हात पुरता दुसऱ्याच्या हद्दीत होता. त्याची नोंद कोणी घेतली नाही.

आता स्नेहलताबाई बाहेर आल्या. "तुमचं दोघांचं मिटलं. माझं काय? चंद्र अजून माझ्या डोक्यावरच आहे."

"भिमा!" शंकररावांनी हाक दिली. "ये वं. ताई उभी हाय."

भिमाबाई पिठाचे हात घेऊन बाहेर आल्या, भिंतीशी आल्या आणि दुःखानं मान हलवू लागल्या. नेम तो नेम. मग एकाएकी त्यांचा चेहरा उजळला. "प्रेमानंदचे बाबा," त्या म्हणाल्या, "नेम माहा हाय. तुमचा कुठं हाय?"

"मले येत नाहीत तशा," शंकरराव घाबरून म्हणाले.

"आजवर काय कान बंद करून ऐकलं? मी एकही शब्द बोलत नाही. मी फकत आठवण देते. गोजरबाईची बकरी आपल्या हरभऱ्यात शिरली होती, तवाचं आठवते? तिथून चालू करा."

शंकररावांनी इकडे तिकडे पाहिलं. टोपी सारखी केली. गाडीचं पहिलं गियर टाकावं तसे ते म्हणाले, "अवं बयताडे..."

"अहाहा!" म्हणून स्नेहलताबाईंनी पदर डोक्यावर घेतला आणि डोळे मिटले.

"...तुह्या पुरणात खडा निघो, तुह्या भाकरीले पदर न सुटो..."

"जोरात!" भिमाबाई म्हणाल्या. "आता अंबूबाईच्या लग्नात पंगत खुटली तवाचं."

"...तुह्या दह्याले विरजण न लागो, तुह्या चुलीत मांजर येऊन झोपो, झोपून उठली तं तुलेच दूध मागो..."

"त्याच्यात जावई होता. जावई राह्यला!"

"...जावई आला तं त्याले मिशी राहो अन् अक्कल न राहो!" शंकररावांची गाडी आता चौथ्या गियरमध्ये होती. रस्त्यावर माणसं थांबली होती. कोणीतरी "वा, काका!" म्हणालं. मार्तंडराव तोंड उघडं टाकून ऐकत होते. साऱ्या कोर्टाच्या नोकरीत त्यांनी इतकी मुद्देसूद मांडणी ऐकली नव्हती. आणि भिमाबाई ओठ घट्ट मिटून, हातानं ताल धरून, आपलंच सगळं साहित्य नवऱ्याच्या तोंडून ऐकत होत्या. डोळ्यांतलं पाणी पिठाच्या हातानं पुसलं, त्यामुळे गाल पांढरे झाले होते.

शेवटी शंकररावांना दम लागला. "पुरे का ताई, अजून देऊ?"

"पुरे," स्नेहलताबाई पदर काढून म्हणाल्या. "बाकीच्या पौर्णिमेनंतर भिमाबाईंकडून. व्याजासकट."

"याद ठेवीन," भिमाबाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्नेहलताबाई अंगण झाडायला बाहेर पडल्या तर भिंतीवर वाटी होती. वर ताटली, आणि मांजरानं तोंड घालू नये म्हणून ताटलीवर तिन्ही गोटे. पलीकडे शेवग्याच्या छाटलेल्या फांदीच्या बुडाला बोटभर फुटवे आले होते. त्यांतल्या एकाला सुतळीचं टोक बांधलेलं होतं आणि दुसरं टोक भिंतीतल्या खिळ्याला.

मार्तंडराव दात घासायला बाहेर आले. त्यांनी गोटे हातात घेतले आणि ताटली उचलली. शेवग्याच्या कोवळ्या पाल्याची भाजी, वाफाळती. त्यांनी बोटानं थोडी चाखली, मग हातातल्या गोट्यांकडे निरखून पाहिलं.

"गोटे आपण काल ताब्यात घेतले. भिंतीवर ठेवले. त्यांनी ते न विचारता वापरले," ते विचारात पडून म्हणाले. "म्हणजे आता हे गोटे नेमके—"

"अहो," स्नेहलताबाई केरसुणी आपटत म्हणाल्या, "तोंड धुवा आणि खायला बसा."